न दिसणाऱ्याच्या शब्दावर

चर्चगेटला रोज उतरणाऱ्यांपैकी किती जणांनी 'यातलं चर्च कुठलं?' असं विचारलं असेल? नोकरीची पहिली दहा वर्षं मीही विचारलं नव्हतं. स्टेशनाबाहेर शोधायला गेलात तर ते सापडणार नाही. फोर्ट भागाला पूर्वी खरोखरच कोट होता, कोटाला दरवाजे होते, आणि सेंट थॉमस चर्चच्या बाजूचा दरवाजा तो चर्च गेट. १८६०च्या दशकात कोट पाडला, दरवाजाही गेला, नाव तेवढं स्टेशनाला राहिलं. चर्च मात्र आपल्या जागी आहे. हुतात्मा चौकाकडून हॉर्निमन सर्कलला चालत निघालात की लागतं. १७१८ साली नाताळच्या दिवशी ते उघडलं.

गंमत अशी की ज्याच्या नावाचं हे चर्च, तो मराठी बायबलातला थोमा, ख्रिस्ती परंपरेतला सगळ्यात प्रसिद्ध संशयखोर. येशूला क्रूसावर मारल्यावर तिसऱ्या दिवशी बाकीचे शिष्य सांगू लागले, 'आम्ही प्रभूला पाहिलं.' थोमा तेव्हा तिथे नव्हता. तो म्हणाला, त्याच्या हातांवरचे खिळ्यांचे वण मी बघेन, त्यांत बोट घालेन, कुशीतल्या जखमेत हात घालेन, तेव्हाच मानेन. आठ दिवसांनी सगळे दारं लावून बसलेले असताना येशू मध्ये उभा राहिला आणि थेट थोमालाच म्हणाला, आण तुझं बोट इकडे. थोमाने बोट खरंच घातलं की नाही, हे योहान आपल्या शुभवर्तमानात, म्हणजे येशूच्या चरित्रात, सांगत नाही. चित्रकारांनी मात्र त्याला ते घालायला लावलंय. थोमाच्या तोंडी एवढंच आहे: 'माझा प्रभू आणि माझा देव.' त्यावर येशू म्हणतो, तू पाहिलंस म्हणून विश्वास ठेवलास. न पाहता विश्वास ठेवतात ते धन्य.

हे वाचून आपल्यातला विज्ञानाचा विद्यार्थी लगेच फणा काढतो. म्हणजे प्रश्न विचारायचे नाहीत, डोळे मिटायचे! मीही बरीच वर्षं तसंच वाचत होतो. नंतर लक्षात आलं की थोमाला कुणी हाकललेलं नाही. त्याने मागितलेला पुरावा त्याच्यासमोर धरलेला आहे. आणि ते शेवटचं वाक्य त्याला कमी, वाचणाऱ्याला जास्त उद्देशून आहे. योहानाचं शुभवर्तमान पहिल्या शतकाच्या अखेरीस लिहिलं गेलं असं बहुतेक अभ्यासक मानतात. तोपर्यंत येशूला डोळ्यांनी पाहिलेली पिढी संपत आली होती. यापुढे जे कुणी येणार, ते सगळे न पाहिलेलेच. त्यांचं काय, हा प्रश्न तेव्हाच उभा राहिला होता.

त्या न पाहिलेल्यांपैकी एक आंटी आमच्या माहीमच्या जुन्या बिल्डिंगीत शेजारी होत्या. ईस्ट इंडियन, म्हणजे इथले मूळचे कॅथलिक. घरात मराठी, नळावर भांडताना तर फारच खणखणीत मराठी. मी ख्रिस्ती नाही. पण या विषयात जे थोडंफार कळलं त्याची सुरुवात पुस्तकांतून झाली नाही, त्यांच्या दारातल्या बाकड्यावर झाली. त्यामुळे त्या इथे अधूनमधून येत राहतील.

आधी 'दिसत नाही' म्हणजे काय ते बघू. आपण पटकन धरून चालतो की दिसत नाही म्हणजे कुठेतरी लपलाय. ढगाआड, किंवा दुर्बिणीच्या टप्प्यापलीकडे. ख्रिस्ती शिकवण तसं म्हणत नाही. तिच्या मते देव ही जगातल्या वस्तूंपैकी एक वस्तूच नाही. डोंगर, तारे, विषाणू, तुम्ही, मी अशी सगळ्यांची यादी केली, तर तिच्या शेवटी 'आणि देव' असं लिहिता येणार नाही. तो ज्याच्यामुळे ती यादी आहे तो.

दादरचं पोर्तुगीज चर्च पाहिलंय? नाव पोर्तुगीज असलं तरी आत्ताची इमारत १९७०च्या दशकातली, चार्ल्स कोरियांच्या आराखड्याची. आत जाऊन बाकांखाली, वेदीमागे कितीही शोधा, कोरिया सापडणार नाहीत. आणि तरी जिथे नजर टाकाल तिथे त्यांचाच हात आहे. उदाहरण सोपं आहे, पण अर्ध्या वाटेत सोडून देतं. आराखडा करणारा काम संपवून घरी जातो. कोरिया २०१५ साली वारले, चर्च उभं आहे. ख्रिस्ती धर्मातला देव असा काम उरकून गेलेला नाही. तेराव्या शतकातल्या ख्रिस्ती धर्मपंडित थॉमस अ‍ॅक्विनासने यासाठी जास्त नेमका दाखला दिलाय. हवेतला उजेड सूर्य आहे तोवरच आहे. सूर्याने काल दिलेला उजेड हवा साठवून ठेवू शकत नाही. जग देवावर असं अवलंबून आहे, दर क्षणाला. मग उजेडातल्या वस्तूंमध्ये उजेड शोधायचा कसा, ही अडचण शोधणाऱ्याची.

ही कल्पना ख्रिस्ती लोकांना यहुद्यांकडून मिळाली. त्यांचा पुढारी मोशे याला देवाकडून मिळालेल्या दहा आज्ञांत मूर्ती करू नका अशी आज्ञा आहे. मोशे स्वतः देवाला म्हणतो, तुझं तेज मला दाखव. उत्तर मिळतं, माझं मुख पाहून माणूस जिवंत राहणार नाही. देव त्याला खडकाच्या कपारीत उभं करतो आणि त्याच्यावर हात धरतो. मोशेला दिसते ती पुढे निघून गेलेल्याची पाठ. यरुशलेमच्या मंदिरात सगळ्यात आतला जो भाग, आपण गाभारा म्हणू, तिथे मूर्ती नव्हती. इ.स.पू. ६३ मध्ये रोमन सेनापती पाँपी शहर जिंकून थेट तिथे घुसला. टॅसिटस हा रोमन इतिहासकार लिहितो की आत कुठल्याच देवाची प्रतिमा नव्हती, जागा रिकामी होती. पाँपीचा त्या क्षणीचा चेहरा मला फार बघावासा वाटतो.

पुढे ख्रिस्ती लोकांनाही हाच त्रास झाला, आणि तोही उलट्या बाजूने. रोमन साम्राज्यात त्यांच्यावर आरोप होता तो नास्तिकपणाचा. देवळं नाहीत, मूर्ती नाहीत, बळी नाहीत, मग हे कसले देव मानणारे? दुसऱ्या शतकात स्मुर्ना इथला, म्हणजे आजच्या तुर्कस्तानातल्या इझमीरचा, म्हातारा बिशप पॉलिकार्प पकडला गेला. त्याला सांगितलं, 'नास्तिकांचा नाश होवो' असं म्हण आणि सुट. त्याने स्टेडियममधल्या जमावाकडे हात करून ते म्हटलं. सुटला नाही.

आता आपल्या वाचकाची नेहमीची गफलत. निराकार म्हटलं की आपल्याला निर्गुण आठवतं. सगुण-निर्गुणाचा वाद आपल्या कानांवरून इतका गेलाय की 'दिसत नाही' म्हणजे 'गुणांपलीकडचं तत्त्व' असा हिशेब आपोआप होतो. ख्रिस्ती देव निराकार आहे, पण निर्गुण मुळीच नाही. त्याला इच्छा आहे. तो प्रेम करतो, रागावतो, आठवण ठेवतो, हाक मारतो, बापासारखा वाट बघतो. फक्त त्याला शरीर नाही. त्यामुळे त्याच्यात विलीन होणं, त्याच्याशी एकरूप होऊन वेगळेपण संपणं, हे या वाटेचं टोक नाही. इथे शेवटपर्यंत दोघं आहेत, बोलणारा आणि ऐकणारा. पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा मिळून एकच देव, ही त्र्यैक्याची शिकवण त्याहून अवघड. तिच्यात शिरलो तर हा लेख इथेच संपेल.

बोलणारा आणि ऐकणारा म्हटलं, ते मुद्दाम. आपण देवळात 'दर्शनाला' जातो. पंढरपूरला बारा-बारा तास रांगेत उभं राहायचं ते दोन क्षण डोळाभर बघण्यासाठी. गर्दी फार असली तर कळसाचं दर्शन घेतो, तेही चालतं, कारण नजर पोचली. आंटींबरोबर मी पहिल्यांदा मिस्साला, म्हणजे चर्चमधल्या उपासनेला, गेलो तेव्हा मला चुकल्यासारखं वाटत होतं. लोक बाकांवर बसलेले, समोर कुणी वाचतंय, बाकीचे ऐकतायत. मग उठले, काही म्हणाले, परत बसले, परत वाचन. मला वाटलं, दर्शन कधी? हा धर्म पुष्कळसा कानाचा आहे, हे तेव्हा कळलं नाही. बायबलच्या जुन्या करारात लोकांना आठवण करून दिलेली आहे की दहा आज्ञा मिळाल्या त्या डोंगरावरच्या आगीतून तुम्ही शब्दांचा आवाज ऐकलात, आकार मात्र काहीच पाहिला नाहीत. यहुद्यांची रोजची प्रार्थनाच 'ऐक' या शब्दाने सुरू होते. सुरुवातीच्या काळातला ख्रिस्ती प्रचारक पौल, त्याच्या एका पत्रात सरळ म्हटलंय की विश्वास ऐकण्याने येतो. आणि योहानाच्या शुभवर्तमानाची पहिली ओळ: प्रारंभी शब्द होता.

मराठीत हे फार सुरेख बसतं, कारण आपल्याकडे 'शब्द' म्हणजे वचनही. शब्द देणे, शब्द पाळणे, शब्दाला जागणे. न दिसणाऱ्या देवाने दिलेला शब्द खरा मानून चालणं, ही ख्रिस्ती विश्वासाची मला सापडलेली सगळ्यात सोपी व्याख्या. फादरांना ती थोडी अपुरी वाटेल. वाटू दे.

इथे 'विश्वास असणे' आणि 'विश्वास ठेवणे' यांत फरक करावा लागतो. भुतांवर विश्वास आहे का, असं आपण विचारतो तेव्हा ती असतात का, एवढंच विचारायचं असतं. भावावर विश्वास आहे म्हणतो तेव्हा भाऊ अस्तित्वात आहे असं सांगायचं नसतं. नव्या करारात, म्हणजे बायबलच्या येशूनंतर लिहिलेल्या भागात, जो ग्रीक शब्द येतो, पिस्तिस, त्यात भरवसा आणि निष्ठा असे अर्थ आहेत. याकोबाच्या पत्रात तर चक्क टोमणा आहे: देव एक आहे असं तू मानतोस? छान. भुतंही मानतात, आणि थरथर कापतात. म्हणजे नुसतं 'देव आहे' म्हणण्याला तिथे काडीची किंमत नाही.

याचं मला कळलेलं उदाहरण म्हणजे भिशी. आमच्या बिल्डिंगीत आंटी भिशी चालवायच्या. बारा बायका, महिन्याला ठरलेली रक्कम, चिठ्ठी निघेल तिला सगळे पैसे. कागद नाही, सही नाही. वडील दर वर्षी आईला म्हणायचे, पावती तरी घे. एका वर्षी एका बाईंचा नंबर दुसऱ्याच महिन्यात लागला आणि पैसे घेऊन त्या खोली सोडून गेल्या. पुढचे हप्ते बुडाले. नेमका त्यानंतरचा नंबर आईचा. आंटी घरी आल्या, म्हणाल्या, थोडं थांबा, मिळतील. आई थांबली. ही अंधश्रद्धा होती का? नाही, कारण आई त्यांना वीस वर्षं ओळखत होती. मग सिद्ध झालेली गोष्ट होती का? तेही नाही, सिद्ध झाली असती तर वडिलांची झोप उडाली नसती. ओळखीमुळे पाय पुढे पडतो, पण पाऊल पडतं ते हातातल्या पुराव्याच्या एक पायरी पुढे. इब्री लोकांस लिहिलेल्या पत्रात विश्वासाची व्याख्या करताना आशा धरलेल्या गोष्टींचा भरवसा, न दिसणाऱ्या गोष्टींची खात्री, असं म्हटलंय, आणि लगेच माणसांची यादी दिली आहे. त्यातला अब्राहाम कुठे जायचंय हे माहीत नसताना घर सोडून निघतो.

पैसे त्यापुढच्या तिसऱ्या महिन्यात आले. कुठून, ते आंटींनी कधी सांगितलं नाही. हातातल्या दोन बांगड्या दिसेनाशा झाल्या होत्या, हे आईने फार नंतर सांगितलं.

आता न दिसणाऱ्या देवाच्या चर्चमध्ये पुतळे कुठून आले? वांद्र्याच्या मोत माउलीच्या, म्हणजे माउंट मेरीच्या, जत्रेत गेलेल्या प्रत्येकाला हा प्रश्न पडतो. ८ सप्टेंबर हा येशूची आई मारिया हिच्या जन्माचा सण, आणि त्याला लागून आठवडाभर जत्रा. टेकडीवर मेणाचे हात, मेणाचे पाय, मेणाची बाळं, मेणाची घरं विकायला. जे दुखतं किंवा जे हवं, ते मेणात विकत घेऊन वाहायचं. मूर्तीबंदी कुठे गेली?

उत्तर येशूमध्ये आहे. ख्रिस्ती शिकवणीनुसार जो दिसत नव्हता तो एकदा माणूस होऊन दिसला. फिलिप नावाचा शिष्य म्हणतो, आम्हाला पिता दाखव म्हणजे झालं. येशू म्हणतो, ज्याने मला पाहिलं त्याने पित्याला पाहिलं. पौलाच्या नावावरच्या एका पत्रात येशूला अदृश्य देवाची प्रतिमा म्हटलंय. आपल्याला हा अवतार वाटतो, आणि समजायला ते वाईट नाही. पण फरक आहे: हा पुन्हा पुन्हा येत नाही, एकदाच येतो, पेशव्यांच्या नोंदी असाव्यात तसा अमुक रोमन अधिकाऱ्याच्या काळात येतो, भुकेजतो, दमून होडीत झोपतो, मरतो, आणि पुन्हा उठल्यावरही अंगावर वण घेऊनच भेटतो. आठव्या शतकात बायझंटाइन सम्राटांनी चित्रं फोडायला काढली तेव्हा दमास्कसच्या योहान नावाच्या साधूने हाच मुद्दा मांडला. देवाला शरीर नव्हतं तोवर चित्र काढणं चूक होतं. तो माणसांत राहून दिसला, मग जे दिसलं ते मी रंगवीन. ७८७ साली निकिया इथल्या परिषदेने ते मान्य केलं आणि फरकही घालून दिला: आराधना फक्त देवाची, चित्राला आणि संतांना मान.

प्रोटेस्टंट मंडळींना, म्हणजे पोपला न मानणाऱ्या ख्रिस्ती पंथांना, हा फरक पटलेला नाही. मुंबईतल्या मराठी प्रोटेस्टंट चर्चमध्ये गेलात तर समोर बहुधा साधा, रिकामा क्रूस दिसेल. आणि खरं सांगायचं तर जत्रेच्या गर्दीत तो फरक राहत नाही. मेणाचा पाय घेऊन चढणाऱ्या माणसाला, तू मारियेला फक्त प्रार्थनेची विनंती करतोयस ना, असं कोण विचारणार? त्यात निम्मे आपल्यासारखे, ज्यांना माउली ती माउली.

सगळ्यात धारदार आक्षेप मात्र पुतळ्यांचा नाही. १९५० साली अँटनी फ्लू या इंग्रज तत्त्वज्ञाने एक गोष्ट पुढे आणली. जंगलात मोकळ्या जागी दोघांना फुलं आणि तण दोन्ही दिसतात. एक म्हणतो, इथे माळी येत असणार. पहारा ठेवतात, माळी दिसत नाही. विजेचं कुंपण घालतात, कुत्री सोडतात, कुणी सापडत नाही. तरी पहिला म्हणतो, माळी आहे, पण तो दिसत नाही, त्याला शॉक लागत नाही, वास येत नाही. दुसरा वैतागून विचारतो, मग तुझ्या या माळ्यात आणि मुळीच नसलेल्या माळ्यात फरक काय राहिला?

याला एका वाक्यात उत्तर नाही. जगाच्या असण्यालाच कारण हवं, असा युक्तिवाद अ‍ॅक्विनासपासून चालत आलाय. मला तो ऐकताना पटतो आणि घरी पोचेपर्यंत विरतो. सतराव्या शतकातला फ्रेंच गणिती पास्काल याचं म्हणणं मला जास्त प्रामाणिक वाटतं: बघू इच्छिणाऱ्याला पुरेल इतका उजेड आहे, आणि न इच्छिणाऱ्याला पुरेल इतका अंधार. हे बोलून त्याने पुरावा दिला नाही. आपण कुठे उभे आहोत ते दाखवलं. फ्लू स्वतः २००४ मध्ये, म्हातारपणी, विश्वामागे काही बुद्धी असावी असं म्हणू लागला, पण ख्रिस्ती देव त्याने तरी मानला नाही.

आणि विश्वास ठेवणाऱ्यांना तो सतत जाणवतो असंही नाही. हे बाहेरच्यांना माहीत नसतं. बायबलमधल्या स्तोत्रांत 'किती काळ तू तोंड लपवणार' अशा तक्रारी भरलेल्या आहेत, आणि त्या प्रार्थना म्हणूनच गायल्या जातात. येशूच्या शेवटच्या शब्दांत 'माझ्या देवा, तू मला का सोडलंस' आहे. मदर तेरेसांची पत्रं त्यांच्या मृत्यूनंतर दहा वर्षांनी, २००७ मध्ये, छापून आली तेव्हा कोलकात्यापासून माहीमपर्यंत लोक चकित झाले. कामाला सुरुवात केल्यानंतर थोड्याच काळात त्यांना देवाचं अस्तित्व जाणवेनासं झालं होतं, आणि हा अंधार जवळजवळ पन्नास वर्षं टिकला. ती पत्रं नष्ट करावीत अशी त्यांची इच्छा होती. चर्चने ती छापली, आणि २०१६ मध्ये त्यांना संतही ठरवलं. जाणीव नाही म्हणजे विश्वास नाही, असं चर्चला वाटलं नाही. भुकेल्याला दिलंत ते मला दिलंत, असं येशू सांगतो, आणि त्या बाई रोज पहाटे उठून तेवढं करत राहिल्या.

आमच्या माहीमच्या सेंट मायकल चर्चमध्ये १९४८पासून दर बुधवारी नोव्हेना होते. नोव्हेना म्हणजे नऊ वेळा करायची प्रार्थना. लोक नऊ बुधवार धरतात. बुधवारी तिथल्या रस्त्यावरून टॅक्सी काढून दाखवणाऱ्याला मी मानतो. अंकल आजारी पडले त्या पावसाळ्यात आंटींनी नऊ बुधवार केले. सातव्या बुधवारनंतर ते थोडे बरे वाटले, आठव्यानंतर गेले. नववा त्यांनी तरीही केला.

दहाव्या बुधवारी त्या पुन्हा चर्चला निघालेल्या मला जिन्यात भेटल्या. मी कॉलेजात होतो, तोंडाला लगाम नव्हता. म्हटलं, 'आंटी, आता कशाला?'

त्या चिडल्या नाहीत. 'तुझ्या आईची भिशी उशिरा आली होती, आठवते?'

'पण आली ना. आणि तुम्ही दिसत होतात. रोज नळावर.'

त्या हसल्या. 'ते मात्र खरं,' म्हणाल्या, आणि छत्री उघडून रस्ता ओलांडायला उभ्या राहिल्या.